‘लाइफटाइम’ फिल्टर, पण लाइफ कोणाचं?

निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. ट्रकला तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बसवा, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, आणि आयुष्यात पुन्हा फिल्टर विकत घ्यायला नको. धुवा, तेल लावा, बसवा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनच्या पैशातून टिपर किंवा ट्रक घेतलेत. त्यांच्यासाठी स्पष्टच लिहितो: घेऊ नका.

आधी पिकअपचं बघू. डिझेल इंजिनात हवा सहसा गरजेपेक्षा जास्तच येते. ताकद किती मिळणार हे आत किती डिझेल सोडलं यावर ठरतं, आणि तो हिशोब पंपाकडे किंवा ईसीयूकडे असतो. पंगतीत वाढपी हात आखडता घेत असेल, तर ताट मोठं आणून पोट भरत नाही. चोंदलेला कागदी फिल्टर काढून नवा कापडी टाकला की गाडी मोकळी पळते, हे खरं. नवा कागदी टाकला असता तरी पळालीच असती.

लडाखमध्ये असताना एका विक्रेत्याने मला हाच माल ‘उंचीवरच्या गाड्यांसाठी खास’ म्हणून पटवायचा प्रयत्न केला होता. खारदुंगलाला, १७,५०० फुटांच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. बाहेर नसलेला ऑक्सिजन फिल्टर कुठून आणणार?

आता खरा मुद्दा, धूळ. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे १०० लिटर डिझेल संपेपर्यंत दहा लाख लिटर हवा इंजिनातून गेली, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. ही हवा जैसलमेरच्या बाजूला कॉनव्हॉयमधल्या तिसऱ्या गाडीची असेल, तर तिच्यात काय असतं ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. डोळ्यांत टोचणाऱ्या वाळूची मला फारशी भीती वाटत नाही, ती कुठेतरी अडकते. भीती आहे ती पिठासारख्या बारीक धुळीची, केसाच्या जाडीच्या दशांशाएवढ्या कणांची. त्यात क्वार्ट्झ असतं, लायनरच्या बिडापेक्षा कठीण. ते ऑइलमध्ये मिसळलं की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार होते. मग रिंगा आणि लायनर रात्रंदिवस घासले जातात, फुकटात.

अशा कापडी फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता साधारण ९६ ते ९९ टक्के सांगितली जाते. चांगला कागदी फिल्टर ९९.५ च्या वर जातो. विक्रेता म्हणतो, फरक एक-दीड टक्क्याचा. अडलेली धूळ मोजू नका, आत गेलेली मोजा. एक किलो धुळीत ९८ टक्केवाला २० ग्रॅम आत सोडतो, ९९.५ वाला ५ ग्रॅम. चौपट! आयएसओ ५०११ चाचणीचा कागद मागा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

शिवाय कापडी फिल्टर धुवून तेल लावणार कोण? तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर ते उडून बीएस-६ गाडीच्या एअर-फ्लो सेन्सरवर बसतं. रेसच्या गाडीला हे परवडतं, तिचं इंजिन तसंही वारंवार खोलतात.

माझ्या जुन्या युनिटचा एक हवालदार साताऱ्याकडे खडी क्रशरवर टिपर चालवतो. त्याने हा फिल्टर बसवला. दीड वर्षात ब्रीदरमधून धूर, ऑइल टॉप-अप रोजचं, आणि शेवटी हाफ इंजिनचं काम. मेकॅनिकने होज काढला तेव्हा आत मातीचा थर होता. वाचवले होते कागदी फिल्टरचे पैसे.

आपल्या एमटी लाइनवरची एक सवयही सोडा. फिल्टर मळका दिसला की उस्ताद तो टायरवर आपटतो, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा मारतो. कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच बारीक धूळ अडवतो, त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगलं काम करतो. आपटून कागद फाटतो, कडा वाकते, आणि रबराच्या सीलमधून वारा सरळ आत. फिल्टर कधी बदलायचा ते रिस्ट्रिक्शन इंडिकेटर सांगतो. तो लाल झाला की बदला, तोवर हात लावू नका.

मात्र फिल्टर लवकर चोंदतो ही तक्रार खोटी नाही. २००१ मध्ये ओमानमधल्या सरावात ब्रिटिशांच्या चॅलेंजर-२ रणगाड्यांचे फिल्टर काही तासांत चोंदत होते. यावर उपाय फिल्टर मोकळा करणं नव्हे, धूळ त्याच्यापर्यंत कमी पोचवणं. म्हणून बाहेरचं काही घ्यायचंच असेल, तर हवा गरगर फिरवून जड धूळ आधीच बाहेर टाकणारा प्री-क्लीनर घ्या, तिथे पैसे वसूल होतात. कागदी फिल्टर शोरूमचाच हवा असं नाही, गाडी बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या कंपनीचा, त्याच पार्ट नंबरचा चालेल. आतला सेफ्टी एलिमेंट मात्र ‘हवा अडते’ म्हणून काढून टाकू नका, आणि तो धुवूही नका.

ज्यांनी कापडी फिल्टर आधीच बसवलाय त्यांनी या रविवारी फिल्टरच्या पुढचा होज काढावा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. तेलाचा ओशटपणा चालेल. फडकं मातकट निघालं, तर जुना फिल्टर परत आणेपर्यंत गाडी भाड्याला पाठवू नका.