पायाखालचा साग

गेल्या काही वर्षांत आपल्या नियतकालिकांतून जुन्या वाड्यांवर जितके लेख छापून आले, तितके वाडे आता उभे तरी असतील की नाही, अशी शंका येते. ओसरी, झोपाळा, माजघर, माडीवरची करकरणारी फळी, या सर्वांवर गहिवरून लिहिणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु ज्या हाताने हा गहिवर लिहिला जातो, त्याच हाताने जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून पैसे मोजून घेतले जातात, ही गोष्ट मात्र कोणी लिहीत नाही. वाडा गेल्याचे दुःख आपण काळाच्या माथी मारतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा आपणच विकलेला असतो.

कामरेज म्हटले की आज सुरतेबाहेरचा महामार्गावरचा गजबजलेला नाका डोळ्यांसमोर येतो. पण 1949 साली विलीनीकरण होईपर्यंत कामरेज बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते, आणि गायकवाडी अंमलाबरोबर या मुलखात आलेली काही मराठी कुटुंबे इथलीच होऊन राहिली. आमचे घर त्यांपैकीच एक. खाली कोबा आणि वर सागवानी तुळयांवर फळ्या जडवलेली माडी. दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली, तेव्हा ठेकेदाराने सरळ हिशेब मांडला : फळ्या काढा, विका, स्लॅब घाला, वर टाइल्स बसवा. मग त्याने टाइल्सचा नमुना पुढे ठेवला. तिच्यावर लाकडाच्या रेषा हुबेहूब छापलेल्या होत्या, मधूनमधून गाठीसुद्धा!

मोरबीच्या कारखान्यांतून अशा टाइल्स आता घरोघर जातात. त्या कारखान्यांशी आमचे भांडण नाही. ज्याच्या घरी लाकूड नाही त्याने लाकडाचे चित्र लावावे. पण ज्याच्या पायाखाली खरा साग आहे त्याने तो विकून सागाचे चित्र विकत घ्यावे, या व्यवहाराला काय म्हणावे? आणि असा व्यवहार करून झाल्यावर त्याच गृहस्थाने ‘हरवलेली माडी’ या विषयावर ललित लेख लिहावा, याला काय म्हणावे?

हा साग आला कोठून, तेही पाहिले पाहिजे. दक्षिण गुजरातेतील जुन्या घरांना लागलेला साग मुख्यतः डांगच्या रानांतला. या सागावर डोळा ठेवूनच इंग्रजांनी 1842 साली डांगच्या भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली. पुढे गायकवाडांच्या राज्यात बिलिमोऱ्याहून वघईकडे जाणारी अरुंद रुळांची रेल्वे 1913 साली सुरू झाली. तिचाही मुख्य माल लाकूडच. ज्यांचे रान गेले त्यांना त्याचे मोल मिळाले नाही. त्या रानाचा एक तुकडा आपल्या माडीवर पडून असेल, तर तो राखणे ही निव्वळ हौस नव्हे, ते एक देणे आहे. शंभर वर्षे वाढलेले झाड शंभर वर्षे फळी होऊन टिकले, आणि आपल्याला मात्र त्याची दहा वर्षांचीही निगराणी जड वाटते.

आमच्या मंडळाच्या एका बैठकीनंतर हा विषय निघाला, तेव्हा तीन आक्षेप घेतले गेले. ते येथे नोंदवतो, कारण सुशिक्षितांच्या घरोघरी हेच तीन ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा : हे सुताराचे काम, लेखणी धरणाऱ्याने रंधा कशाला धरावा? वरकरणी हा कारागिराविषयीचा आदर वाटतो, पण त्याच्या तळाशी हातकामाविषयीचा जुना तिटकारा आहे. त्याला उत्तर सुरतेनेच देऊन ठेवले आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (1863–1920) हे सुरतेच्या सुतार कुळात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली बडोद्यात कलाभवन उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. हाताची कारागिरी ही विद्या आहे आणि ती विद्येसारखीच शिकवता येते, या विश्वासावर ती संस्था उभी होती. चाफेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले, तेव्हा ते डाग काढण्याचे कामही अखेर गज्जरांकडेच आले आणि त्यांनी ते करून दाखवले. पुतळ्याविषयी आपले मत काही असो, डाग काढावा आणि दगड राखावा, हे त्यातले कसब शिकण्याजोगे आहे.

सुताराच्या पोटावर पाय येतो, असेही कोणी म्हणेल. आमच्याकडे दोन तुळया भिंतीत शिरतात त्या जागी ओल लागून कुजल्या होत्या. ते काम मिस्त्रींनीच केले, आणि त्यांच्या दराने केले. स्लॅब घातला असता तर त्यांच्या वाट्याला काय आले असते? भार पेलणाऱ्या लाकडाला नवशिक्याने हात लावू नये. दाभण टोचून पाहावे, ते सहज आत गेले की मिस्त्रींना बोलवावे. फळ्यांचा पृष्ठभाग मात्र घराच्या मालकाने स्वतः घासावा, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप आग, पूर आणि वाळवीचा. तो खोटा नाही. 1837 च्या आगीत सुरतेतील हजारो घरे जळाली. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. पण त्या पुरात लोक जीव वाचवायला चढले ते वरच्या मजल्यांवरच. शिवाय भिजलेली सागाची फळी सावलीत सावकाश वाळली की बहुधा पुन्हा कामाला येते. लाकडाच्या भुशाच्या पाट्यावर छापील कागद चिकटवलेली तयार फरशी एकदा फुगली की फेकावीच लागते. वाळवी सागाचा गाभा सहजी खात नाही, ती कडेचा पांढुरका भाग खाते. म्हणून वर्षातून दोनदा माडीखाली दिवा घेऊन फिरावे, भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहावे. आगीची भीती असेल तर विजेच्या जुन्या तारा आधी बदलाव्या. लाकूड विकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा आक्षेप वेळेचा. आमची माडी चौदा फूट बाय अकरा फूट. तिला एकोणीस दिवस लागले, तेही थंडीच्या दिवसांत. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, तेव्हा हे काम काढूच नये. जो रंग खरवडायचा त्यात शिसे आहे असे धरूनच चालावे, कारण घरगुती रंगांतील शिसे दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. म्हणून तो रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. खिळ्यांची डोकी फळीच्या आत ठोकून घ्यावी, नाहीतर काचकागद फाटतो. कागद रेषांच्या दिशेने चालवावा, आधी जाड, मग बारीक. फटी लांबीने बुजवू नयेत, कारण लाकूड ऋतूनुसार हलते आणि लांबी सुटून येते. लहान फट तशीच राहू द्यावी, मोठीत सागाचीच चिपळी बसवावी. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे. या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ते पाण्यात बुडवावे किंवा बाहेर पसरून वाळवावे.

येथे उलट बाजूच्या अतिरेकालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. यंत्र लावून फळी नव्यासारखी पांढरी काढणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1877 साली इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ‘खरवडणाऱ्यांच्या विरोधात’ अशा अर्थाचे टोपणनाव तिला पडले, कारण जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारतींचे सगळे वय खरवडून टाकले जात होते. आमच्या माडीवर खिडकीपाशी एक खळगा आहे. तेथे पाटा-वरवंटा असे. तो खळगा आम्ही तसाच ठेवला. मळ घालवायचा, वापराच्या खुणा घालवायच्या नाहीत, एवढा विवेक ज्याच्यापाशी आहे त्यानेच काचकागद हातात घ्यावा. हा विवेक रोजंदारीवर आणलेल्या माणसाकडून कसा अपेक्षावा? कोणता डाग तेलाचा आणि कोणता आजीच्या हळदीचा, हे त्याला कोण सांगणार?

प्रत्येकाने हे करावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याची तुळईच पोकळ झाली आहे, ज्याचे गुडघे साथ देत नाहीत, ज्याच्या घरात वाटण्यांचा तंटा आहे, त्याच्यावर सक्ती कसली? पण ज्याला हे शक्य आहे आणि तरीही ज्याने फळ्या विकल्या, त्याने निदान त्यांच्यावर गहिवरून लिहू नये. मराठीत गुडघे टेकणे म्हणजे हार पत्करणे. एकोणीस दिवस माडीवर गुडघे टेकल्यानंतर आम्हांला या वाक्प्रचाराविषयी शंका येऊ लागली आहे. आता संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून त्या फळ्यांवर अनवाणी चालावे, एवढेच सुख उरते. ते लिहून दाखवण्यासारखे नाही, म्हणून लिहीत नाही.