लाल तारखेचा वार

2025 मध्ये लक्ष्मीपूजन नेमके कधी, यावर जेवढा खल झाला तेवढा चकलीच्या भाजणीवरही झाला नसेल. अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी लागली आणि 21 ला संध्याकाळी संपली. केंद्राने सोमवार धरला, महाराष्ट्राने मंगळवार. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे निघालेल्या पाहुण्यांची दोन्हीकडून पंचाईत! सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद, मंगळवारी वेरूळची.

अजिंठ्याजवळच्या फर्दापूर टी पॉइंटवर सुट्टीचा हिशेबच उलटा. शहरातल्यांची रजा हाच इथल्या लोकांचा कामाचा दिवस. गारगोट्या, मण्यांच्या माळा आणि लेण्यांची पुस्तके मांडून बसणारे, पायऱ्यांशी गिऱ्हाईक हेरणारे डोलीवाले, नवे कॅलेंडर घरात आले की आधी लाल आकड्यांचे वार बघतात. शनिवार-रविवारला जोडून आली ती खरी सुट्टी. या हिशेबात 2025 चे राष्ट्रीय दिवस तसे कोरडेच: 26 जानेवारी रविवारात बुडाली, 2 ऑक्टोबर दसऱ्याने गिळला. 15 ऑगस्टने तेवढा शुक्रवार गाठला.

15 ऑगस्ट 1947 लाही शुक्रवारच होता. पण अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. दिल्लीतली ती पहाट इथे उगवलीच नाही. निजामाची शरणागती आली 17 सप्टेंबर 1948 ला, बरोबर 57 आठवड्यांनी, म्हणजे पुन्हा शुक्रवारी. त्या राजवटीचे सालही निराळे. मराठवाड्यात जमिनीचे जुने कागद उलगडले की फसली सन भेटतो आणि मग तारखा जुळवत बसावे लागते. देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत 17 सप्टेंबर नाही. या दिवशी इकडे झेंडावंदन कशाचे, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे अजून विचारतात, आणि सांगताना आमचा आवाज नकळत जरा चढतो.

2026 मध्ये 1 मेच्या शुक्रवारी महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकत्र आहेत. एक सुट्टी गेली म्हणून कचेऱ्यांत हळहळ होईल. आम्हाला मात्र हा योग आवडला: राज्याचा वाढदिवस आणि ज्याच्यासाठी हे डोंगर कोरले त्याची जयंती, आणि वर शनिवार-रविवार जोडून. ऊन तेवढे सोसावे लागेल. मे महिन्यात वाघूर नदीच्या त्या वळणावर कातळ तापलेला असतो. पुढे अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळी लांबते. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, तेही रविवारी!

26 जानेवारी 2026 सोमवारी येते. तीन दिवसांची सलग सुट्टी बघून बरेच जण गाडी काढतील. त्यांनी शनिवारी किंवा रविवारी अजिंठा उरकावा आणि सोमवारी वेरूळ गाठावे. लेण्यांची आठवड्याची रजा मोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गर्दीच्या श्वासांनी दमट होणाऱ्या त्या भिंतींना आपल्यापेक्षा सुट्टीची गरज जास्त. आणि रजा मिळत असेल तर सरळ बुधवारी या. डोलीचा भावही उतरलेला असेल.