न खेळताच ठरवलेला गुन्हेगार

‘बुली’ हा व्हिडिओ गेम १७ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत आला, पण त्याच्यावर दोषारोप त्याआधीच सुरू झाले होते. फ्लोरिडातले वकील जॅक थॉम्पसन त्याची विक्री रोखण्यासाठी कोर्टात गेले. ब्रिटनमध्ये गोमंतकीय वंशाचे खासदार कीथ वाझ यांनी बंदीची मागणी लावून धरली. करीजसारख्या मोठ्या दुकानांनी तो विकायलाच नकार दिला. युरोपात तर त्याला ‘कॅनिस कॅनेम एडिट’ असं नाव घेऊन यावं लागलं.

आक्षेप सरळ होता. पंधरा वर्षांचा जिमी हॉपकिन्स बुलवर्थ नावाच्या निवासी शाळेत येतो, आवारात आणि गावात मोकाट फिरतो, मारामाऱ्या करतो. असा गेम खेळणारी मुलं दादागिरीच शिकणार, असं म्हटलं गेलं. हा आक्षेप मला मुळातच चुकीचा वाटतो, कारण गेमचे नियम नेमकं उलटं सांगतात. पडद्यावर जिमीच्या गुन्ह्यांचं एक मापक असतं. लहान पोरावर, मुलीवर किंवा शिक्षकावर हात उगारला की ते क्षणात लाल होतं आणि शिस्त राखणारे प्रिफेक्ट येऊन त्याची मानगूट पकडतात. तास बुडवून भटकलं तरी हीच गत. बंदुका नाहीत, कुणाचा जीव घेता येत नाही. हत्यारं म्हणजे बेचकी, खाजेची पूड आणि फटाके. मायामीच्या न्यायाधीशांनी हा गेम समोर चालवून पाहिला आणि टीव्हीवर रोज रात्री दिसतं त्याहून वेगळं यात काही नाही, असं सांगून थॉम्पसन यांची मागणी फेटाळली. आरोप करणाऱ्यांनी एवढे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं.

इंग्रजीच्या तासाचंच पाहा. विखुरलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचे असतात. त्यात जिमी जसजसा पास होतो, तसतशी त्याला नीट माफी मागता येऊ लागते आणि मारामारीवर आलेला प्रसंग बोलून मिटवता येतो. भाषा आली की हात आवरतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा गेम मला माहीत नाही. सुरुवातीच्याच एका कामगिरीत अल्जी नावाचा घाबरट मुलगा स्वतःच्या लॉकरपर्यंत जायला सोबत मागतो. स्वतःच्याच शाळेत लॉकरपर्यंत जायला सोबत लागावी, ही गोष्ट ज्याने भोगली आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. जिमी शाळेतले गट एकामागून एक मुठीच्या जोरावर नमवतो, म्हणजे शेवटी बळाचीच पूजा झाली ना? असं म्हणणाऱ्यांनी पाचवा भाग पाहावा. सगळे गट मुठीत आल्यावर जिमीच्या डोक्यात हवा जाते. मग गॅरी नावाचा शाळेतलाच एक मुलगा सगळ्यांना त्याच्यावर उलटवतो, जिमीला शाळेतून काढतात आणि मारून मिळवलेलं राज्य हातून जातं. बळाने वचक बसतो, माणसं जोडली जात नाहीत, हे गेम खेळणाऱ्याच्या हातूनच घडवून दाखवतो.

माझ्या मते या गेमचं खरं मोल मोठ्यांना न दिसणाऱ्या शाळेच्या चित्रणात आहे. जिमीची आई नव्या नवऱ्यासोबत मधुचंद्राला निघते आणि पोराला फाटकाशी सोडून जाते. मुख्याध्यापक क्रॅबलस्निच शिस्तीवर भाषणं देतात आणि त्यांच्या नाकासमोर श्रीमंत पोरं, खेळाडू, हुशार पोरं यांची वेगवेगळी संस्थानं चालतात. मुलांना हे जग ठाऊकच असतं. गेम ते पालकांनाही दाखवतो, आणि मला वाटतं, टोचलं ते हेच.

अमेरिकेत हा गेम किशोरांसाठी, तर ब्रिटनमध्ये १५ वर्षांवरील मुलांसाठी ठरवला गेला. हे वयाचे निकष जरूर पाळा. पण घरातल्या किशोरवयीन मुलाच्या हातून तो काढून घ्यायचा असेल, तर आधी त्याच्या शेजारी बसून पहिला भाग पूर्ण पाहा आणि अल्जीसारखं कुणी वर्गात आहे का, हे त्याला विचारा.