फावल्या वेळचा हिशेब

चार बायकांनीं दुपारीं एकत्र बसून गोधडी शिवावी कीं शिवूं नये, हा प्रश्न मासिकांतून चर्चा करण्याजोगा आहे असें आमच्या कांहीं वाचकांस वाटणार नाहीं. गोधडी ही वस्तु इतकी घरगुती, आणि ती शिवणारीं माणसें इतकीं परिचित, कीं तिच्याविषयीं मत बनविण्याची कोणास गरजच पडत नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा कोणी विचार करीत नाहीं तिच्याविषयींचीं मतेंच सर्वांत घट्ट असतात, असा आमचा अनुभव आहे. आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं या बाबतींत जीं मतें कानांवर येतात, तीं ऐकून स्वस्थ बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पहिलें मत जुनें आहे. सोलापुरी चादर आणि पानिपतचें ब्लँकेट बाजारांत सुखासुखी मिळत असतां जुन्या लुगड्यांचे थर शिवीत महिना महिना डोळे शिणविणें हा वेळेचा निव्वळ अपव्यय होय, असें हा पक्ष म्हणतो. दुसरें मत नवें आहे, आणि तें सुधारणेचा वेष घेऊन येत असल्यामुळें अधिक फसवें आहे. या मताचे लोक गोधडीची तोंडभर स्तुति करतात. "किती सुंदर! पुण्या-मुंबईस हिला चांगली किंमत येईल. तुम्ही गट कां करीत नाहीं? विकत कां नाहीं?" असें ते मोठ्या कळकळीनें विचारतात. पहिल्या पक्षास गोधडी निरुपयोगी वाटते, दुसऱ्यास उपयोगी वाटते. पण दोघांच्या हातांतील तराजू एकच आहे. बाईच्या हातून जें निघालें त्याचे रुपये किती झाले, एवढेंच दोघांस कळावयास हवें असतें.

या बैठकीस ज्यांनीं केवळ दारांतून जातां जातां पाहिलें असेल त्यांच्यासाठीं ती आंतून कशी असते हें थोडें सांगणें प्राप्त आहे. काम बहुधा उन्हाळ्यांत निघतें. चंद्रपुरचा वैशाख कसा असतो हें तेथें राहिलेल्यास सांगावयास नको, आणि न राहिलेल्यास सांगून पटणार नाहीं; पण त्या उन्हाचा एवढा तरी उपयोग कीं धुतलेलें कापड तासाभरांत खडखडीत वाळतें. लुगडीं, धोतरें, जुन्या साड्या, कोणाचा सदरा, कोणाचें पोलकें असें सारें धुऊन, शिवणी उसवून, फरशीवर थरांवर थर पसरतात. दोघी दोन टोकांस बसून सुरकुत्या काढतात, कडेला मोठे टांके घालून थर जागचे हलूं नयेत असें करतात, आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोरा सुरू होतो. दोरा फार ओढला तर कापड चुण्या धरतें, सैल सोडला तर पहिल्याच धुण्यांत थर सरकतात. एकीचे टांके रोवणीच्या ओळीसारखे सरळ आणि सारख्या अंतरावर पडतात. दुसरीची ओळ बांधाच्या वळणानें जाते, आणि तिची ती ओळ पाहून दहा गोधड्यांतून तिची गोधडी काढून दाखवितां येते. हिरव्याशेजारीं जांभळें ठेवावें कीं मध्यें पांढऱ्याची एक पट्टी घालावी, यावर अर्धा अर्धा तास वाद चालतो. चित्रकारांच्या मंडळांत असा वाद झाला तर आपण त्यास कलाविषयक चर्चा म्हणतों. येथें तो झाला म्हणजे त्यास गप्पा म्हणतों.

गप्पाही होतात, आणि त्या व्हाव्याच. ज्या लुगड्याचा तुकडा मध्यभागीं बसवावयाचा तें लुगडें कोणाचें, तें कोणत्या लग्नांत घेतलेलें, नेसणारी कधीं गेली, हें सांगितल्यावांचून तुकडा बसत नाहीं. नव्या बाळाचें दुपटें शिवावयाचें तर त्यास आजीचें वापरून मऊ झालेलें कापडच हवें, नवें चालत नाहीं, ही समजूत अद्यापि टिकून आहे. कोळशाच्या खाणींच्या आणि वीजकेंद्राच्या वसाहतींतून चार प्रांतांच्या बायका शेजारीं राहतात. तेथें एखादी क्रोशाची सुई घेऊन येते, एखादी स्वेटरच्या सुया, एखादी आपल्या माहेरचा कशिदा. एकीनें दुसरीस टांका शिकवावा आणि तिच्याकडून टांका घ्यावा, यांत भाषा फारशी आड येत नाहीं.

या सर्वांचें उत्पन्न काय, असें विचारणाऱ्यांस आम्ही उलट विचारतों कीं चावडीच्या पारावर दुपारभर पत्त्यांचा डाव पडतो त्याचें उत्पन्न काय? झाडीपट्टींत दिवाळी झाली कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गांवोगांव जातात, मांडव पडतात, आणि थंडीच्या रात्रीं हजारों माणसें पहाटेपर्यंत नाटक पाहत बसतात. हा आमच्या प्रदेशाचा भूषणास्पद छंद आहे, आणि त्याविषयीं आम्हांस अभिमानच आहे. पण रात्रभर नाटक पाहून दुसरे दिवशीं दुपारपर्यंत झोपणाऱ्या गृहस्थास, "आपण त्या रात्रींत काय मिळविलें?" असें कोणी विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्या मांडवांत कित्येकांच्या खालीं आणि अंगावर जी गोधडी असते, ती शिवणारीस मात्र तिच्या दुपारचा हिशेब द्यावा लागतो.

बायकांजवळ वेळ फार असतो, ही समजूतच मुळीं खोटी आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं माणसांच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. तींत शेंकडा ८१ बायका घरांतील बिनमजुरीचें काम करतांना आढळल्या, आणि त्या कामांत त्यांचीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें जात होतीं. असें काम करणारे पुरुष शेंकडा २६, आणि त्यांचीं मिनिटें ९७. पांच तास चूल, धुणें, केर यांत घालविल्यावर जी दुपार उरते ती उरलेली नव्हे, वांचविलेली असते. वांचविलेल्या पैशाचें काय करावें हें आपण मालकास विचारूं देतों. वांचविलेल्या वेळेच्या मालकिणीस तेवढा अधिकार द्यावयास आपली तयारी नाहीं.

येथवर कोणी म्हणेल कीं हीं पोटभरल्या घरांचीं दुःखें झालीं. ज्या बाईस चार पैशांची गरज आहे तिनें गोधडी विकली तर तुमचें काय गेलें? कांहींच गेलें नाहीं. तिनें ती अवश्य विकावी, आणि तिला पुरेपूर मोल मिळावें. आमची तक्रार विकण्याविरुद्ध नाहींच. जो समाज बायकांच्या करमणुकीस काम करूं पाहतो, तोच समाज बायकांच्या कामास करमणूक म्हणत आला आहे, आणि या दुसऱ्या लबाडीवर त्याचा बराच संसार चालला आहे, ही आमची तक्रार आहे.

याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. आरमोरी-नागभीडकडील कोसा सर्वांच्या परिचयाचा आहे. लग्नकार्यांत कोशाचें उपरणें खांद्यावर टाकून मिरविणारे आमचे वाचक पुष्कळ असतील. तुतीचा किडा घरांत वाढतो. कोशाचा किडा उघड्या रानांत, ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढतो. ढिवर कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करीत आलीं आहेत. पक्षी आणि मुंग्या यांपासून किड्यांची राखण करीत माणसें रानांत मुक्काम ठोकतात. पुढें कोसे उतरवावयाचे, उकळून मऊ करावयाचे, आणि चार-सहा कोशांचे तंतु एकत्र धरून सूत काढावयाचें. हें शेवटचें काम बायकांचें. मध्य भारताच्या आणि झारखंडाच्या कोशाच्या प्रदेशांत बाई तें सूत उघड्या मांडीवर, तळहातानें वळून काढीत आली आहे. मांडीची कातडी सोलवटते, तीवर राख किंवा तेल लावून पुनः तेंच काम. ही रीत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळानें 'बुनियाद' नांवाचें यंत्र पुढें आणलें, हें ठीकच झालें. पण इतकी वर्षें ही रीत चालली कशी? पुरुष मागावर बसला कीं तो विणकर; बाई कोसा उकलीत बसली कीं ती 'घरचें पाहून फावल्या वेळांत' कांहीं करते. 'फावल्या वेळांत' हे दोन शब्द जोडले कीं मजुरी आपोआप अर्ध्यावर येते. हे दोन शब्द ज्यानें शोधून काढले त्यास व्यापारी लोकांनीं खरोखर पुतळा उभारावयास हवा!

ज्यांच्या हेतूविषयीं शंका घेतां येत नाहीं अशीं माणसेंही या शब्दांस भुललीं होतीं. खादीच्या चळवळींत आरंभीं कित्येक वर्षें कातणें हा शेतकऱ्याच्या घरचा फावल्या वेळचा जोडधंदा म्हणूनच मांडला जाई, आणि म्हणून कातणारीच्या हातांत दिवसाकाठीं आणा-दीड आणा पडला तरी कोणास वावगें वाटत नसे. १९३५ सालीं गांधींनीं हा प्रश्न धसास लावला. आठ तास नीट कातणाऱ्या बाईस आठ आणे मिळाले पाहिजेत असें त्यांचें म्हणणें पडलें; आणि त्याच वर्षीं वर्ध्यास चरखा संघानें ठराव केला कीं आठ तासांच्या कामाबद्दल निदान अन्नवस्त्रापुरती तरी मजुरी पडावी. खादी महागेल, खपणार नाहीं, संस्था बुडतील, अशी ओरड तेव्हां झाली, आणि ती करणारे खादीचे शत्रु नव्हते, खादीभक्तच होते. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३६ सालीं, गांधी सेवा संघाचें संमेलन सावलीस भरलें. चंद्रपुराहून गडचिरोलीस जाणाऱ्या मोटारी आजही या सावलीवरून जातात. उतारूंपैकीं कितीजणांस हें ठाऊक असेल, कोण जाणे. असो. आमच्या जिल्ह्याच्या दारापर्यंत येऊन गेलेला हा विचार आमच्या घरांत मात्र शिरला नाहीं.

काम आणि करमणूक यांची ही सरमिसळ झाली म्हणजे दोहोंचेंही नुकसान कसें होतें, हें अमेरिकेंतील एका वस्तीच्या हकीकतीवरून चांगलें दिसतें. आलाबामा राज्यांत जीज बेंड नांवाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्यांचे हे वंशज. तेथल्या बायका कामाचे फाटके कपडे, पिठाच्या पिशव्या, जें हातीं येईल तें जोडून थंडीसाठीं गोधड्या शिवीत. मताधिकाराच्या लढ्याच्या काळांत, १९६६ सालीं, त्या भागांतील बायकांनीं गोधड्या विकण्यासाठीं 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नांवाची सहकारी संस्था काढली. 'बी' म्हणजे तिकडे बायकांनीं मिळून काम करण्याची बैठक. त्या संस्थेनें गरीब घरांत पैसा आणला. तें काम होतें, त्याचा मोबदला हवाच होता, आणि आम्ही त्यास मनापासून मान देतों. पण मोठ्या दुकानांचीं गिऱ्हाइकें एकासारखी एक वस्तु मागूं लागलीं. नमुना ठरला, माप ठरलें, रंग ठरले; एका मोठ्या दुकानासाठीं तर उशांचे अभ्रे शिवावे लागले. पुढें २००२ सालीं ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर लागल्या, जाणत्या टीकाकारांनीं त्यांची गणना अमेरिकेच्या उत्तम कलाकृतींत केली, आणि २००६ सालीं त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर आलीं. भिंतीवर लागल्या त्या कोणत्या? गिऱ्हाइकाच्या मापानें शिवलेल्या नव्हेत. घरच्या अंथरुणासाठीं, शेजारणीस दाखविण्यासाठीं, आपला हात आपल्यालाच अजमावून पाहण्यासाठीं शिवलेल्या त्या होत्या.

ही हकीकत आम्ही सांगितली म्हणजे आमचे नव्या मताचे मित्र लगेच म्हणतील, "पाहा, अखेर किंमत आलीच!" त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, किंमत येणार म्हणून त्या शिवल्या असत्या तर ती आली नसती, आणि कधींच आली नसती तरी त्या बायकांची दुपार फुकट गेली असें म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता. आमच्या घरांतून तर याहून चमत्कारिक प्रकार दिसतो. घरीं भांडीं घासणाऱ्या बाईच्या वाकळीकडे नाक मुरडणारें माणूस शहरांतील प्रदर्शनांतून काचेआड ठेवलेली 'क्विल्ट' चौपट दर देऊन आणतें, आणि पाहुण्यांस ती विलायती पद्धतीची आहे म्हणून सांगतें. ज्या विदर्भांत चिंध्यांचा अंगरखा घालून हातीं खराटा घेतलेल्या पुरुषास लोकांनीं 'गोधडेबुवा' म्हणून ओळखलें आणि त्याच्या पायांवर डोकें ठेवलें, त्या विदर्भांत चिंध्यांची लाज वाटावी हें आम्हांस तरी समजत नाहीं.

बचत गटांविरुद्ध आमचा कटाक्ष आहे असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. या दोन जिल्ह्यांत सावकाराच्या दारांतून बायकांस परत फिरविण्याचें काम त्यांनीं केलें आहे. ज्या बायकांस गोधडीचा धंदा करावयाचा आहे त्यांनीं तो उघड धंदा म्हणून करावा: तास मोजावे, कापड आणि दोरा मोजावा, डोळ्यांची झीजही मोजावी, आणि त्या हिशेबानें दर सांगावा. घेणाऱ्यानें तो महाग म्हणूं नये, किंवा महाग वाटल्यास पानिपतचें ब्लँकेट घ्यावें. आणि ज्यांस धंदा करावयाचा नाहीं त्यांच्या बैठकींत नोंदवही घेऊन कोणी शिरूं नये.

त्यांस खरी अडचण आहे ती जागेची. पुरी गोधडी पसरून भोंवतीं पांच-सहा जणी बसावयाच्या तर मोकळी फरशी लागते, आणि ती हल्लींच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मिळत नाहीं. गांवोगांवचीं समाजमंदिरें आणि पुष्कळ वाचनालयांच्या खोल्या दुपारीं कुलुपांत असतात. वाचनालयांच्या चालकांत आमचे वाचक आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं आठवड्यांतून दोन दिवस, दोन ते पांच, खोलीची किल्ली या बायकांच्या हातीं द्यावी. झाडलोट त्या स्वतः करतील. भाडें मागूं नये. आणि वार्षिक अहवालांत अशा उपक्रमांपुढें उत्पन्नाचा रकाना असल्यास तो कोरा सोडावा.