वृद्धाश्रम: आधी अम्मी-अब्बांना विचारा

“आपल्यात आई-बापाला वृद्धाश्रमात ठेवत नाहीत,” असं आपण अभिमानानं सांगतो. मीही सांगत आलो. पण घरी सेवा करतं कोण? बहुतेक वेळा सून किंवा लेक, शिक्षण-नोकरी सोडून. आणि जिला घरच उरलं नाही तिचं काय? १९७८ साली पोटगीसाठी कोर्टात गेलेल्या शहाबानो ६२ वर्षांच्या होत्या, हे आपण विसरतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण सरकार तो उभारू ‘शकेल’ इतकंच त्यात आहे. उभारलाच पाहिजे, असं नाही.

अनुदानित वृद्धाश्रमात छप्पर, जेवण, औषधपाणी आणि समवयस्कांची सोबत मिळते. पण मोहल्ला सुटतो. नमाजाची जागा, खाणं, घरची बोली यांची काळजी असते. अनुदान रखडलं की ताटात कमी पडतं. ऐपतदार मुलांना पळवाटही मिळते. खरं तर याच कायद्यानं आई-वडील मुलांकडून चरितार्थाचा खर्च मागू शकतात, धर्म कोणताही असो.

म्हणून निराधारांसाठी वृद्धाश्रम आपण हक्कानं मागू या, सर्वधर्मीयांसाठी मागू या. स्वतःच्या घरात मात्र काही ठरवण्याआधी अम्मी-अब्बांना विचारू या. मोहल्ला काय म्हणेल यापेक्षा त्यांना काय हवं, ते मोठं.