ब्लेझरचा खांदा आणि अडीच हजारांची रेघ

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांना नगामागे अडीच हजारांपर्यंत 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे थेट 18. मधला 12 टक्क्यांचा टप्पा गेला. 2,400 रुपयांचा ब्लेझर करासह 2,520 ला पडतो, 2,600 चा 3,068 ला. मालात फरक दोनशेचा, गिऱ्हाइकाच्या खिशाला 548 चा. जुन्या दराने हाच दुसरा नग 2,912 ला जात होता.

दोनशे रुपयांत काय येते, हे कारागिराला सांगायला नको. बरे अस्तर, खांद्याचे नीट पॅड आणि मुख्य म्हणजे शिवणीतली माया. रेघेखाली राहायचे तर कात्री तिथेच लागते. मग छातीला आवळणारा ब्लेझर घेऊन पोरगा मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुकानात येतो आणि उसवून पाहावे तर सोडायला कापडच नसते. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा कोट आणि लग्नाची शेरवानी सरकारने एकाच दरात बसवली आहे.

मापाला महत्त्व किती, याचा पुरावा धंद्याबाहेरून आलेला आहे. 2013 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लोकांना चेहरा पुसट केलेली छायाचित्रे जेमतेम काही सेकंद दाखवली. मापाने शिवलेल्या सुटातला पुरुष, दिसायला जवळपास तशाच रेडिमेड सुटातल्यापेक्षा, अधिक आत्मविश्वासू आणि यशस्वी ठरला. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर सेकंदाचा आठवा भागही पुरला. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असे बजावूनही, भारी वाटणाऱ्या कपड्यांतली माणसेच लोकांना अधिक कर्तबगार वाटली.

हे अन्यायाचे आहे. पण मुलाखत घेणारा बदलेपर्यंत उमेदवाराला थांबता येत नाही.

महाविद्यालये मात्र विद्यार्थ्यांच्या ब्लेझरची ऑर्डर देताना स्मॉल, मीडियम, लार्जची यादी पाठवतात. मुलींनाही बहुतेकदा पुरुषी कटिंगचाच ब्लेझर मिळतो. खांदा चुकला की पुढचे सगळे चुकते. बाही आणि कंबर आवरता येते, खांदा उतरवणे म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणे.

इथे दोष फक्त सरकारचा आणि कॉलेजांचा नाही. ‘उद्या या’ हे उत्तर लग्नसराईत खपते, मुलाखतीच्या तारखेला नाही. ऑल्टरेशन म्हणजे कटकट, असे मानून ब्लेझर परत पाठवणारी दुकाने कमी नाहीत. बाहीवरचे ब्रँडचे लेबल आणि मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका तसाच ठेवून उमेदवार मुलाखतीला जातात. तो टाका काढायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यासाठी गिऱ्हाइकाने विचारायची वाट पाहायचे कारण नाही. पावतीवर मुलाखतीची तारीख लिहावी आणि ट्रायल तिच्या चार दिवस आधी घ्यावी. कॅम्पसचा हंगाम सुरू होण्याआधी प्लेसमेंट विभागाला भेटून मापे कॉलेजातच घेण्याचा प्रस्ताव द्यावा.

कराबाबत मागणी एकच हवी: 18 टक्के फक्त अडीच हजारांवरच्या रकमेला लावा. तसे झाले तर 2,600 चा ब्लेझर 2,743 ला पडेल आणि माया कापण्याचे कारण उरणार नाही. जीएसटी परिषदेत राज्यांचे मंत्री बसतात, म्हणून निवेदन दिल्लीआधी मुंबईला जायला हवे. शिंप्यांच्या जिल्हा संघटनांनी सह्या याच महिन्यात गोळा कराव्यात. निवेदनासोबत दोन ब्लेझरही द्यावेत, एक रेघेखालचा, एक वरचा, दोन्हींचे अस्तर उसवून.