मोठे घर, लहान संसार

शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी जन्मतारीख लावली तीच पुढे आयुष्यभर खरी ठरली, अशा माणसांची एक मोठी पिढी महाराष्ट्रात आहे. ही तारीख बहुधा १ जून किंवा १ जुलै असते. त्यामुळे दरवर्षी ३१ मे आणि ३० जून या दोन दिवशी शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची दाटी होते. शाल, श्रीफळ, चार गौरवपर भाषणे होतात. आणि दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांचा तो गृहस्थ आपल्याच घराकडे प्रथमच कामाच्या दिवशी, भर दुपारी, निवांतपणे पाहतो. यवतमाळ जिल्ह्यात तरी हे घर बहुधा त्याच्या आजच्या गरजेहून मोठे असते.

ते मोठे का झाले, याचा इतिहास बहुतेक घरांत सारखाच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड या गावांच्या कडेची शेते अकृषक होऊन तेथे ले-आउट पडले. यवतमाळात लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा या बाजूंना शिक्षकांनी आणि कारकुनांनी हप्त्याहप्त्याने प्लॉट घेतले. भविष्य निर्वाह निधीतून उचल, पतसंस्थेचे कर्ज आणि प्रसंगी पत्नीचे दागिने यांवर आधी दोन खोल्या उठल्या, मग स्लॅब पडला, आणि थोरला दहावीला गेला त्या सुमारास वरचा मजला चढला. वरचा जिना मुद्दाम बाहेरून काढला. कारण उद्या सुनांनी चुली वेगळ्या मांडल्या तरी छप्पर एकच राहावे, असा हिशेब होता. हा हिशेब चुकला, आणि तो मुले वाया गेल्यामुळे नव्हे, तर शिकल्यामुळे चुकला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८. त्यात शहरांत राहणारा पाचांतला जेमतेम एक. पुसदला १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, यवतमाळला १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. परंतु तेथून बाहेर पडलेल्या मुलांना सामावून घेईल असा उद्योग या कापसाच्या मुलखात त्या प्रमाणात उभा राहिला नाही. मुले पुण्याला, हैदराबादेला गेली. वरच्या मजल्यावर आता जुने कूलर, मुलांच्या वह्या आणि लग्नातली भांडी राहतात.

अशा वेळी मोठ्या शहरातून एक सल्ला येतो: मोठे घर विका, लहान घ्या, उरलेली रक्कम ठेवीत घाला. हा सल्ला मुंबईत किंवा पुण्यात ठीक आहे, कारण तेथे माणूस त्याच शहरातले मोठे घर सोडून लहान घर घेऊ शकतो. यवतमाळात या गणिताची मांडणीच बदलते. येथे तीस वर्षांपूर्वीच्या बांधकामाची किंमत खरेदीदार जवळजवळ धरतच नाही. तो प्लॉटचे पैसे देतो. उलट नव्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी नव्या बांधकामाचे पूर्ण दाम, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मोजावी लागते. आणि मुलाजवळ जावे म्हणून पुणे गाठले, तर इथला अख्खा बंगला देऊन तिथल्या कडेच्या उपनगरात दोन खोल्या हाती लागल्या तरी नशीब समजायचे. म्हणजे आपल्याकडे ‘लहान घर’ या शब्दांमागे प्रत्यक्षात ‘दुसरे गाव’ हा प्रश्न दडलेला असतो. घर किती मोठे हवे आणि राहायचे कोठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र करून टाकल्यामुळेच बहुतेक कुटुंबांत ही चर्चा एक तर भांडणात किंवा मौनात संपते.

विकायचे ठरले तरी वाट सरळ नाही. गावठाणाजवळची अनेक जुनी घरे नझूलच्या भाडेपट्ट्यावर आहेत. नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल भूखंडांसाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली खरी. पण ज्यांच्या पट्ट्याचे नूतनीकरण वडिलांच्या काळापासून राहिले आहे, त्यांना आधी कागदच गोळा करावे लागतात. कडेच्या वस्त्यांतल्या काही प्लॉटांना गुंठेवारीचा प्रश्न चिकटलेला आहे. त्यावर पुन्हा कर. घर विकून दोन वर्षांत दुसरे घेतले तर भांडवली नफ्यावर सूट मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही सूट नव्या घरात जेवढी रक्कम घातली तेवढ्यापुरतीच असते, हे फार जणांना उशिरा कळते. लहान घर घेणाऱ्याचा पैसा उरतो, आणि नेमका उरलेल्या नफ्यावरच कर लागतो. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ ची वाजवी बाजारकिंमत धरण्याची मुभा आहे. तेव्हा त्या तारखेचे मूल्यांकन सौदा ठरवण्याआधीच करून घ्यावे. इसारपावती झाल्यावर करसल्लागाराकडे धावण्यात अर्थ नाही.

पण हा झाला पैशांचा भाग. गाव सोडण्याची खरी किंमत वेगळीच असते. पस्तीस वर्षे ज्याला किराणा दुकानदारापासून तहसीलदारापर्यंत सारे ‘सर’ म्हणत आले, तो पुण्याच्या इमारतीत ‘चौथ्या मजल्यावरच्या साहेबांचे बाबा’ होतो. नातवंडांची ओढ खोटी नाही. तथापि नातवंडे शाळेत जातात, सून-मुलगा रात्री आठला परततात, आणि दिवसभर बोलायला दारावरचा पहारेकरी तेवढा उरतो. शिवाय मुलाची नोकरी त्या शहरात कायमची असते असे कोठे आहे? यवतमाळचे घर मोडून बाप पुण्याला जावा आणि दोन वर्षांत मुलाची बदली बंगळूरला व्हावी, हे काही अघटित नव्हे. गाव सोडण्याचे बळकट कारण नातवंडे नसून दवाखाना हे आहे. हृदयाचे, मूत्रपिंडाचे दुखणे गंभीर झाले की येथून सेवाग्राम-सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते, आणि नागपूर सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. ज्यांना महिन्यातून चारदा हा प्रवास करावा लागतो, त्यांनी मुलाच्या शहराआधी वर्धा किंवा नागपूर यांचा विचार करावा. भाषा तीच, ऊन तेच, आणि यवतमाळची माणसे तेरवीलाही येऊ शकतात, बारशालाही.

आता ज्या मुद्द्याकडे या साऱ्या चर्चेत कोणी पाहत नाही त्याकडे येऊ. निवृत्तीनंतरच्या घराचा निर्णय निवृत्त होणारा पुरुष घेतो. त्या निर्णयात शेवटपर्यंत राहावे लागते ते त्याच्या पत्नीला. आपल्याकडे नवरा वयाने चार-सहा वर्षे मोठा असतो आणि बायका पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक जगतात. या दोन गोष्टींची बेरीज केली तर एकटीने काढायची दहा वर्षे सहज निघतात. जुन्या नियमांनुसार पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे असते; कुटुंब निवृत्तिवेतन, सुरुवातीचा वाढीव दराचा काळ सोडला, तर साधारणपणे तीस टक्के. म्हणजे पाच रुपयांचे तीन होतात. घराचा कर, विजेचे बिल, गळणारी गच्ची आणि बोअरची मोटार यांना मात्र ही वजाबाकी समजत नाही. सहा खोल्यांच्या घरात एकटी राहणारी सत्तरीची बाई सायंकाळी सातलाच दारे लावून घेते आणि एका खोलीत वावरते. तिचे घर केव्हाच लहान झालेले असते. ते तिच्या मर्जीने झालेले नसते, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे की, घर दोघांच्या सोयीने निवडू नये. मागे राहणाऱ्या एकटीच्या सोयीने निवडावे. हाक मारली तर शेजारी ऐकू जाईल का? दुकान, बँक, डॉक्टर पायी गाठता येईल का? जिना चढावा लागेल का? आणि घर तिच्या नावावर, निदान दोघांच्या नावावर, आहे का? स्त्रीच्या नावाने निवासी घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात आहे; तिचा उपयोग तरुण जोडपी करतात, निवृत्तांना ती सुचतच नाही. मुख्य म्हणजे हा निर्णय साठीच्या आसपास, दोघांचे गुडघे शाबूत असताना व्हावा. पंच्याहत्तरीला घर बदलणे हे बदलणे नसते. ते हलवले जाणे असते.

याच टप्प्यावर आणखी एक घाई होते. ‘आता आपल्याला काय करायचे आहे’ असे म्हणत घर मुलाच्या नावे करून दिले जाते. २०१५ पासून पत्नी, मुले, नातवंडे यांना निवासी घर बक्षीस देताना अवघे २०० रुपये मुद्रांक शुल्क पडते, स्थानिक अधिभार काय असेल तो वेगळा. त्यामुळे हे काम फारच सोपे झाले आहे. सोपे झाले म्हणूनच जपून करावे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. दाद उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे मागावयाची. परंतु अशी अट होती हे दिसून यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने अधिक उदारपणे लावला, तरी बक्षीसपत्रात अट स्पष्ट लिहिण्याला पर्याय नाही. त्याहून बरे मृत्युपत्र. ते नोंदवावे, त्यात मुलीलाही विसरू नये, आणि हयातीत घराची किल्ली आपल्याकडेच असू द्यावी.

यवतमाळपुरता मला जो मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो, तो घर विकण्याचा नाहीच. तो घराच्या आतच लहान होण्याचा आहे. जिना बाहेरून आहेच! खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि ओट्याच्या पातळीवर नवे न्हाणीघर-शौचालय एवढे आपल्याकडे ठेवून बाकीचे घर भाड्याने द्यावे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी, परिचारिका, बदलीवर आलेले बँक कर्मचारी यांना खोल्या लागतातच. यात पैसा तर येतोच, पण रात्री वरच्या मजल्यावर माणसांचा वावर असतो, ही गोष्ट पैशाहून मोठी आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही.’ ही भीती निराधार नव्हती. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश दीर्घकाळ लागू होता. भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. आजच्या निवृत्तांनी आपल्या वडिलांना त्या परवानगीसाठी खेटे घालताना पाहिले आहे. परंतु तो आदेश ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला तेव्हाच इतिहासजमा झाला. नव्या कायद्याखाली लेखी व नोंदणीकृत संमतिपत्र असेल आणि मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट आकार मागता येतो. अट एकच: करार नोंदवलेला हवा. आपल्याकडे नुसत्या स्टॅम्पपेपरवर काम भागवतात, आणि मग कायद्याला दोष देतात.

घर बँकेकडे उलट्या तारणाने ठेवून दरमहा रक्कम घेण्याची योजना २००७ पासून आहे. साठी ओलांडलेल्यांना ती खुली आहे. पण ज्या जिल्ह्यात सावकाराने बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी २०१४ चा कायदा यावा लागला, तेथे ‘गहाण’ या शब्दाने म्हाताऱ्या माणसाची झोप उडावी हे साहजिक आहे. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये.

अर्थात प्रत्येक घर धरून ठेवण्याजोगे नसते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि यवतमाळकर दिवसचे दिवस टँकरची वाट पाहत बसले. तेव्हा ज्यांच्या अंगणात विहीर होती त्यांचे निभावले, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धांना पाण्याचे डबे जिन्यावरून वाहावे लागले. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत नेमके उलटे घडले. नाल्याकाठच्या खालच्या खोल्यांत पाणी शिरले. तेव्हा नाल्याला लागून असलेले किंवा वस्तीपासून दूर एकटे पडलेले घर विकलेलेच बरे. मूल परगावी आणि नातेवाईकही जवळ नाहीत, अशांनी गावातच, बाजारालगत, तळमजल्यावरची जागा पाहावी, महाग पडली तरी.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांचा प्रश्न याहून अवघड होणार आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी कर्मचाऱ्यांनी जो संप केला, तो याच पिढीच्या काळजीतून. निश्चित निवृत्तिवेतन हाती नसेल तर घर हीच त्यांची पुंजी ठरेल, आणि अनेकांच्या घराचे हप्ते अजून चालू आहेत.

निवृत्तिवेतनाच्या कागदांना पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र जोडावे लागते. त्यासाठी दोघांना काही महिने आधी एकदा तरी बरोबर बाहेर पडून छायाचित्रकाराकडे जावेच लागते. घराचा विषय त्या दिवशी परतताना काढावा, आणि आधी तिला बोलू द्यावे.